समतेच्या वाटेवरील नियमांचे अडसर

स्त्री आणि पुरुष समान आहेत, हे विधान आज एखाद्या सभेत कोणी केले तर त्यास उघड विरोध करणारा मनुष्य सहसा सापडणार नाही. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाने आपल्या चौदाव्या, पंधराव्या व सोळाव्या अनुच्छेदांत ही समता स्पष्ट शब्दांत नोंदविली आहे. असे असूनही शिक्षण, नोकरी, मालमत्ता आणि अधिकार यांच्या वाटणीत स्त्रियांच्या पदरी जे पडते ते समान नसते, हा रोजचा अनुभव आहे. याचे कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : लोकांची मने अजून बदललेली नाहीत. हे उत्तर खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर कित्येकदा सोयीचेही असते. मने बदलावयास पिढ्या लागतात असे एकदा म्हटले, की आज कोणावरच काही करण्याची जबाबदारी उरत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही दुसऱ्या एका कारणाचा विचार करणार आहोत. समाज केवळ मनांचा बनलेला नसतो. तो संस्थांचाही बनलेला असतो. शाळा, विद्यापीठ, न्यायालय, कचेरी, कारखाना, सैन्य, इतकेच नव्हे तर कायद्याच्या दृष्टीने कुटुंब, या सर्व संस्थाच होत. प्रत्येक संस्था नियमांनी चालते. त्या नियमांत कोठे तरी एखादा शब्द, एखादी अट किंवा एखादा रकाना असा असतो की, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना स्त्रीची वाट तेथे अडते. दाराला आतून अडसर घातलेला असावा आणि बाहेरून पाहणाऱ्याने दार नुसते लोटलेले आहे असे समजावे, तशी ही स्थिती असते.

व्यक्तीचा विरोध आणि संस्थेचा अडथळा

या दोहोंतील भेद प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या घरात वडील मुलीला म्हणाले, "आता शिक्षण पुरे," तर त्यांच्याशी वाद घालता येतो. आई रदबदली करील, मामा समजूत घालतील, शिक्षक घरी येऊन चार शब्द सांगतील. विरोध करणारा मनुष्य समोर असतो, आणि मनुष्याचे मन वळू शकते. परंतु तीच मुलगी एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन गेली आणि कारकून म्हणाला, "माझे स्वतःचे काही म्हणणे नाही, पण नियमात बसत नाही," तर तिने वाद कोणाशी घालावयाचा? कारकुनाने नियम केलेला नसतो. ज्यांनी तो केला ते कदाचित हयातही नसतात. नियमाला चेहरा नसतो. म्हणूनच त्याच्यामुळे होणारा अन्याय कोणालाच आपला वाटत नाही.

तथापि या अडचणीत एक सोयही दडलेली आहे. मनातील गोष्ट दिसत नाही. नियम मात्र लिहिलेला असतो. जे लिहिलेले आहे ते वाचता येते, दाखविता येते, आणि बदलताही येते. आमच्या या लेखाचे सार एवढेच आहे. आता ते काही प्रत्यक्ष उदाहरणांनी पाहू.

बडोद्याचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा

आरंभ आपल्या बडोद्यापासूनच करणे योग्य होईल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सर्व संस्थानास लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात याच हेतूने नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे बडोद्याचे पाऊल किती पुढचे होते हे कळून येते. या कायद्याने मुलांप्रमाणे मुलींनाही शाळेत पाठविणे पालकांवर बंधनकारक केले. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हाच मोठा विचार होता. येथे तो राजाज्ञेने घरोघर पोहोचला.

परंतु याच कायद्यात एक बारीक भेद होता. मुलांसाठी सक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत होती, मुलींसाठी ती दहाव्या वर्षापर्यंतच होती. हा भेद द्वेषापोटी केलेला नव्हता. त्या काळच्या लग्नाच्या वयाचा आणि लोकमताचा विचार करूनच तो केला असला पाहिजे. तरी परिणाम काय झाला हे पाहावयास हवे. एकाच घरातील भाऊ आणि बहीण घेतले, तर भावाला कायद्याने आणखी दोन वर्षे शाळेत बसविले आणि बहिणीला त्याच कायद्याने दहाव्या वर्षी मोकळे सोडले. मुलीसाठी जे दार उघडले, त्याचा अडसर त्याच कायद्याच्या एका आकड्यात राहून गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा ही वयोमर्यादा मुलगा-मुलगी असा कोणताही भेद न करता ठरविली. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली.

येथे सयाजीरावांना उणेपणा देण्याचा आमचा हेतू नाही. उलट, अत्यंत पुरोगामी कायद्यातही काळाची सवय नकळत उतरते, एवढेच दाखवावयाचे आहे. सज्जनाच्या हातून झालेला नियमसुद्धा पुढच्या पिढीने पुन्हा वाचला पाहिजे.

'व्यक्ती' या शब्दाचा अर्थ

दुसरे उदाहरण वकिलीच्या व्यवसायाचे आहे, आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रात होतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परीक्षेत त्या इतक्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या की, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. पुढे हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा देणाऱ्या तेथील पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाबाईंना आपली पदवी १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी मिळाली.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल. एल. बी. परीक्षाही दिली, तरी न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याची परवानगी त्यांना वर्षानुवर्षे मिळाली नाही. मधल्या काळात, १९०४ पासून, त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स खात्यात पडदानशीन स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून काम केले. या स्त्रियांच्या मालमत्ता मोठ्या असत; पण परपुरुषासमोर यावयाचे नाही ही रूढी आणि स्त्रीला वकिली करावयाची नाही हा नियम, या दोहोंच्या कात्रीत त्या सापडल्या होत्या. आपले गाऱ्हाणे न्यायालयापुढे मांडावे तरी कोणाच्या मुखाने, हाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. एका संस्थेच्या अडसरामुळे दुसऱ्या शेकडो स्त्रियांचा न्याय कसा अडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९१६ मध्ये कलकत्त्याच्या रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर विदुषीने वकिलीची सनद मागितली. १८७९ च्या वकिलांसंबंधीच्या कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. 'पुरुष' असा नव्हता. शिवाय कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत सामान्यतः स्त्रियांचाही समावेश होतो, असे अर्थ लावण्याचे स्वतंत्र सूत्र होतेच. तरी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज नामंजूर केला. कायदा करणाऱ्यांच्या मनात त्या वेळी स्त्रिया नव्हत्याच, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांना असेच परत पाठविले. पण त्याच वर्षी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले! देश तोच, वर्ष तेच. एका न्यायालयात स्त्री ही 'व्यक्ती' ठरली नाही आणि दुसऱ्यात ठरली.

हा घोळ अखेर १९२३ च्या कायद्याने मिटविला. केवळ स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कोणासही वकिलीस अपात्र ठरविता येणार नाही, असे त्या कायद्याने सांगितले. त्या एका वाक्याने वाट मोकळी झाली. तथापि मोकळ्या झालेल्या वाटेवरून चालावयासही काळ लागतो. केरळच्या उच्च न्यायालयात ॲना चंडी न्यायाधीश झाल्या त्या १९५९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायाधीश फातिमा बीवी १९८९ मध्ये आल्या, तेव्हा त्या न्यायालयाच्या स्थापनेस एकोणचाळीस वर्षे झाली होती.

लग्न आणि नोकरी

स्वातंत्र्य मिळाले, संविधान आले; आता तरी असे नियम राहिले नसतील, असे कोणासही वाटेल. पण १९५४ च्या भारतीय प्रशासकीय सेवेच्या भरती-नियमांत अशी तरतूद होती की, विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क म्हणून दावा करता येणार नाही. आणि सेवेतील स्त्रीने लग्न केले तर कार्यक्षमतेच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास सरकार तिला राजीनामा देण्यास सांगू शकेल. पुरुषाने लग्न केल्यास त्याची कार्यक्षमता कमी होते किंवा कसे, याविषयी नियम मौन बाळगून होते.

परराष्ट्र सेवेतही असेच नियम होते. सी. बी. मुथम्मा या १९४९ मध्ये त्या सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. पुढे वरच्या पदावर बढती नाकारली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, हा नियम त्यांनी न्यायालयापुढे ठेवला. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली. त्यामुळे त्यांचा अर्ज तेथेच निकालात निघाला. तरी १९७९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक शब्दांत टीका केली आणि सेवेचे सर्व नियम पुन्हा तपासून त्यांतील भेद काढून टाकण्यास सरकारला सांगितले. संविधान येऊन तोवर एकोणतीस वर्षे लोटली होती. तात्पर्य, वरच्या ग्रंथात समता लिहिली म्हणून खालच्या नियमांच्या पुस्तिका आपोआप शुद्ध होत नाहीत. त्या कोणी तरी उघडून वाचाव्या लागतात.

न्यायालय प्रत्येक वेळी सर्व अडसर काढतेच, असेही नाही. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा त्यांची नोकरी संपत असे. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. पण चार वर्षांत लग्न न करण्याची अट त्या वेळी योग्य मानली. तेव्हा न्यायालयात जाणे हा शेवट नसतो, तो एक टप्पा असतो, हे ओळखून असावे.

संरक्षणाच्या नावाने

काही नियम वरवर पाहता स्त्रियांच्या हिताचे दिसतात. १९४८ च्या कारखाना-कायद्याने स्त्रियांना सकाळी सहापूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामास लावण्यावर बंदी घातली होती. रात्रीच्या कामाचे कष्ट आणि वाटेवरचा धोका यांपासून स्त्री कामगारांना वाचवावे, हा हेतू चांगलाच होता. परंतु रात्रपाळीचा पगार, त्यातून येणारा अनुभव आणि त्यायोगे मिळणारी बढती, या सर्वांस त्या मुकल्या. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी संविधानाशी विसंगत ठरविली; मात्र त्याबरोबरच वाहतूक, सुरक्षितता, विश्रांतीची जागा यांविषयी अनेक अटी मालकांवर घातल्या. आम्हांस हा निकाल विचार करण्याजोगा वाटतो. रस्ता धोक्याचा असेल तर चालणाऱ्या स्त्रीस घरी बसवावे, की रस्त्यावर दिवा लावावा? पहिला उपाय स्वस्त आहे. दुसरा न्याय्य आहे.

सैन्यातील उदाहरणही असेच आहे. स्त्रियांना १९९२ पासून अल्प मुदतीचे अधिकारपद मिळू लागले. कायम अधिकारपद मात्र बहुतेक शाखांत नव्हते. खेडेगावांतून आलेले जवान स्त्रीचे हुकूम मानावयास मनाने तयार नाहीत, असेही एक कारण सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. २०२० मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. २०२१ च्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेही दार उघडले, आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्याजवळ खडकवासल्यास सतरा मुलींची पहिली तुकडी आपले शिक्षण पुरे करून बाहेर पडली. मने तयार होईपर्यंत थांबले असते तर त्या सतराजणी अजून दाराबाहेरच असत्या. नियम बदलला म्हणून त्या आत गेल्या. आणि त्या आत गेल्या म्हणूनच आता मनेही बदलतील.

कुटुंब हीदेखील एक संस्था

कायद्याच्या दृष्टीने कुटुंब ही सर्वांत जुनी संस्था आहे, आणि तिच्यातील अडसर सर्वांत कमी दिसतात. कारण त्यांवर मायेचे पांघरूण असते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात असे म्हटले आहे की, अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि त्याच्या 'नंतर' माता. या 'नंतर'चा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असा घेतला जाई. म्हणजे ज्या मातेने मूल वाढविले तिच्या एकटीच्या सहीस पिता हयात असेतोवर कायद्याने किंमत नसे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली, ती मान्य झाली नाही, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, 'नंतर' म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर पित्याच्या अनुपस्थितीत किंवा तो लक्ष घालीत नसतानाही. येथेही सर्व भांडण एका अव्ययाचे होते, हे व्याकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

मालमत्तेचा प्रश्न याहून कठीण. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी जे विधेयक तयार केले ते रखडल्यामुळे, आणि इतर मतभेदांमुळे, त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ मध्ये वारसा-कायदा झाला. त्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वाटा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. इतकेच नव्हे, तर राहत्या घरात वाटा असूनही भावांनी वाटणी केल्याखेरीज बहिणीस ती मागता येत नसे. आंध्र प्रदेशाने १९८६ च्या, तमिळनाडूने १९८९ च्या, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी १९९४ च्या सुधारणेने मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला. ज्या राज्यांनी तसे केले नव्हते त्यांतील मुलींना, म्हणजे आपल्या गुजराथेतील मुलींनाही, हा हक्क केंद्राच्या २००५ च्या कायद्याने मिळाला. हा हक्क जन्माने मिळत असल्यामुळे त्या वर्षी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये केला.

आता कायद्याचा अडसर निघाला. तरी घरोघर काय चालते? वडील वारले की, तेराव्यानंतर कागद पुढे येतो. महाराष्ट्रात त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, गुजराथेत हक्ककमी. बहिणीने सही करावयाची, आणि भावाने साडीचोळी देऊन तिची पाठवणी करावयाची. सही न करणारी बहीण लोभी ठरते. सही मागणारा भाऊ मात्र लोभी ठरत नाही. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि लोक म्हणतात, तिने स्वखुशीने सोडले. स्वखुशीने सोडलेल्या हक्कास आमची हरकत नाही. परंतु आपणांस काय मिळणार होते हे जिला कोणी सांगितलेच नाही, तिची खुशी ही खरी खुशी म्हणता येईल काय?

एका शब्दाची दुरुस्ती

नियमांतील शब्दांकडे लक्ष देण्याने काय साधते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण पुन्हा आपल्या बडोद्याशी निगडित आहे. बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मुलामुलींना एकत्र शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री होत. त्यापूर्वी त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. तेथे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता. त्यातील पहिल्या कलमात, सर्व 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दात स्त्रियाही येतातच, असे आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना वाटत होते. हंसाबेनांनी मात्र आग्रह धरला की, काही देशांत या शब्दाचा अक्षरशः अर्थ लावून स्त्रियांना वगळले जाईल. १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात त्या शब्दाच्या जागी 'सर्व मानव' या अर्थाचे शब्द आले.

ही शब्दाची कीस काढणारी हौस होती, असे कोणी म्हणेल. पण वर सांगितलेली रेजिना गुहा यांची हकीकत आठवावी. तेथे तर 'व्यक्ती' हा निर्लिंग शब्द असूनही स्त्री वगळली गेली होती! मग जेथे उघडच पुरुषवाचक शब्द आहे तेथे काय झाले नसते? हंसाबेनांची शंका काल्पनिक नव्हती. ती अनुभवसिद्ध होती.

नियम वाट अडवितो, तसा तो वाट करूनही देतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींपासून जिल्हा पंचायतींपर्यंत किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. अनेक राज्यांनी पुढे त्या निम्म्यापर्यंत नेल्या. त्यामुळे ज्या खेड्यांत स्त्रिया चावडीची पायरी चढत नव्हत्या तेथे त्या सरपंच झाल्या. पतिराजच कारभार पाहतात, ही टीका काही ठिकाणी खरीही आहे. पण पहिल्या वेळी पतीला विचारणारी स्त्री दुसऱ्या वेळी स्वतः सभा चालविते, हेही अनेक गावांनी पाहिले आहे. याच्या उलट, लोकसभेत तसा नियम नसताना २०२४ च्या निवडणुकीत ५४३ पैकी केवळ ७४ स्त्रिया निवडून आल्या. मतदार तेच, देश तोच, फरक नियमाचा.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कायदा बदलून समाज बदलत नाही. हक्कसोडपत्राचे उदाहरण आम्हीच दिले असल्यामुळे या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. नियम बदलणे हे पुरेसे नसते. पण ते आवश्यक असते. दार उघडल्यावर कोणी आत जाईल किंवा न जाईल. बंद दारातून मात्र कोणीच जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की, नियम सर्वांस सारखे असले म्हणजे झाले; स्त्रियांचा निराळा विचार कशाला? याचे उत्तर रोजच्या व्यवहारात आहे. सभेची वेळ रात्री नऊची ठेवली तर नियम सर्वांस सारखाच आहे. पण परत जाताना वाट सर्वांस सारखी नाही. कचेरीत एकच स्वच्छतागृह असले तर तेही वरकरणी सर्वांसाठीच असते. नियमाची भाषा सारखी असणे आणि नियमाचा परिणाम सारखा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समता परिणामावरून मोजावी, भाषेवरून नव्हे.

विद्यार्थ्यांनी काय करावे

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही काही वर्षांतच अर्ज भराल, सह्या कराल, संस्था चालवाल. तुमच्यापैकी काहीजण नियमही लिहाल. त्या वेळी तीन प्रश्न विचारण्याची सवय आजपासून लावून घ्या. हा नियम कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केला आहे? त्यामुळे कोण बाहेर राहते? आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्या कामास धैर्य लागते. पण माहितीवाचूनचे धैर्य निष्फळ असते आणि धैर्यावाचूनची माहिती वांझ असते.

विशेषतः विद्यार्थिनींना आमचे सांगणे आहे की, वाचल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नका, मग तो कागद कितीही प्रेमाच्या माणसाने पुढे केलेला असो. आणि विद्यार्थ्यांना असे की, बहिणीला तिचा हक्क काय आहे हे सही मागण्यापूर्वी तुम्हीच सांगा. न्यायालयाचे निकाल आणि संसदेचे कायदे जेथवर पोहोचतात त्याच्या पुढचा पल्ला या एका वाक्याने गाठता येतो. आणि ते वाक्य बोलावयास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

अभ्यासासाठी

१. व्यक्तीचा विरोध आणि संस्थेचा अडथळा यांतील भेद स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. बडोद्याच्या १९०६ च्या कायद्यातील आणि २००९ च्या कायद्यातील वयोमर्यादांची तुलना करा.

३. 'व्यक्ती', 'नंतर' आणि 'मानव' या तीन शब्दांनी स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात काय कार्य केले?

४. घरी येणारा कोणताही एक छापील अर्ज घ्या. त्यातील कोणत्या रकान्यात पित्याचे किंवा पतीचे नाव विचारले आहे आणि मातेचे विचारलेले नाही, ते पाहा. त्याची आवश्यकता आहे काय, यावर दहा ओळी लिहा.

५. आपल्या आजीला, आईला किंवा आत्याला माहेरच्या मिळकतीविषयी विचारा. तिने सही केली होती काय, आणि त्या वेळी तिला कायदा कोणी समजावून सांगितला होता काय, हे आदराने समजून घ्या.